हा लाँग बेची एका दिवसाची क्रूझ: पैसे नक्की कशाचे देतो आपण?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आज हेडफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हा या आठवड्याचा एपिसोड लिहून काढलाय. मधले 'अं', 'म्हणजे काय झालं की' वगैरे उडवलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

गेले दोन महिने इन्स्टावर एकच प्रश्न येतोय. "दादा, व्हिएतनामला चाललोय, हा लाँग बेची डे क्रूझ घेऊ का? फोटो भारी दिसतात, पण वर्थ आहे का?" काही जण पुढे असंही विचारतात, "आणि सेफ आहे का?" हा दुसरा प्रश्न माझ्या आईनेही विचारला होता, म्हणून तिथूनच सुरू करतो.

आई-बाबांची ही पहिलीच परदेशवारी. बाबा शाळेतून रिटायर झाले आणि मी म्हटलं, चला. मुंबईहून हनोईला थेट विमान आहे, ई-व्हिसा घरबसल्या होतो, खर्चही आवाक्यातला. सप्टेंबरची तिकिटं काढली, कारण स्वस्त होती. (ती स्वस्त का होती ते पुढे कळेलच.) क्रूझ बुक झाल्याचं आईला सांगितलं, तर तिने फोन पुढे केला. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी टाकलेली बातमी. 19 जुलै 2025 ला हा लाँग बेमध्ये टूरिस्ट बोट वादळात उलटली, पस्तीसहून जास्त माणसं गेली, त्यात बरीच लहान मुलं. "ही तीच का रे?" आईने विचारलं.

मी इंजिनीअरच्या थाटात उत्तर दिलं, "अगं, रोज कितीतरी बोटी जातात, एखादी एज केस असते." हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे मीच तोंडावर पडणार आहे.

आधी ही जागा काय आहे ते बघू. हा लाँग म्हणजे 'खाली उतरणारा ड्रॅगन'. व्हिएतनामच्या उत्तरेला, हनोईपासून साधारण दीडशे-एकशेसाठ किलोमीटरवर समुद्रात चुनखडीचे हजारावर सुळके उभे आहेत. 1994 मध्ये युनेस्कोने याला जागतिक वारसा म्हटलं आणि 2023 मध्ये शेजारचा कात बा द्वीपसमूहही त्यात जोडला.

आपण सह्याद्रीची माणसं. आपला दगड काळा, म्हणजे बेसॉल्ट. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, थर बसले, आणि त्यातून आपले कडे, आपले किल्ले झाले. हा लाँगचा दगड वेगळ्याच जातीचा. 25 ते 34 कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ, कोमट समुद्र होता. त्यातल्या जिवांचे शिंपले, कवचं, प्रवाळ तळाशी साठत गेले, दाबले गेले, आणि त्याचा चुनखडीचा खडक झाला. आजोबांच्या पानाच्या डब्यात जो चुना असायचा, तो अशाच दगडाला भट्टीत भाजून, विझवून केलेला.

या दगडाची गंमत म्हणजे तो पाण्यात विरघळतो. अगदी हळू, पण विरघळतो. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं, सोड्याच्या बाटलीसारखं. ते भेगांतून आत शिरतं आणि लाखो वर्षं खरवडत बसतं. भेगेची घळ होते, घळीची दरी होते, मधे उरतात ते सुळके. डोंगराच्या पोटातून पाणी वाहिलं तिथे गुहा. वेरूळचं कैलास लेणं माणसांनी वरून खाली कोरलं, इथे तेच काम पावसाने केलं आणि त्याला कुठलीच डेडलाइन नव्हती.

शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून जास्त खाली होती. म्हणजे आज जिथे क्रूझ फिरते तिथे तेव्हा कोरडी जमीन होती, दऱ्या होत्या. बर्फ वितळला, पाणी चढलं आणि दऱ्या बुडाल्या. आपण 'बेटं' म्हणून ज्यांचे फोटो काढतो ती बुडालेल्या डोंगरांची डोकी आहेत. हे कळल्यावर डेकवर उभं राहताना फार वेगळं वाटतं. बाबा म्हणाले, "म्हणजे कोयनेच्या धरणासारखं की! गाव खाली, आपण वर होडीत." सोळा आणे बरोबर.

जवळ गेल्यावर प्रत्येक सुळक्याच्या बुडाशी, पाण्याला लागून, आत गेलेली खाच दिसते. समुद्राचं पाणी तिथे दगड खातं. काही बेटं तर मशरूमसारखी दिसतात, वर रुंद, खाली बारीक. ही खाच नक्की बघा, फोटोत सहसा ती येत नाही.

आता पैशांचं. 'लक्झरी डे क्रूझ' या शब्दावर जाऊ नका. आम्ही माणशी साधारण 5,500 रुपये दिले, त्यात हनोईहून बस, जेवण, तिकिटं, सगळं. दिवस कसा जातो ते सांगतो. सकाळी आठला हॉटेलवरून पिकअप. वाटेत एक थांबा, जिथे बाथरूम आणि मोत्यांचं दुकान एकत्र असतं (योगायोग नाही). अकरा-साडेअकराला तुआन चाऊ बंदर. तिथून छोट्या होडीने मोठ्या बोटीवर. संध्याकाळी सहाच्या आसपास उतरायचं, रात्री साडेआठ-नऊला हॉटेल. म्हणजे तेरा तासांच्या दिवसात पाण्यावर जेमतेम सहा-साडेसहा तास. काही स्वस्त टूरमध्ये हे चारच तास असतात, आणि जाहिरातीत दोन्हींना 'फुल डे'च म्हणतात. त्यामुळे बुक करताना एकच प्रश्न विचारायचा: बोटीवर चढणार किती वाजता आणि उतरणार किती वाजता? जकुझीचा फोटो शेवटी बघा. आमच्या बोटीवरच्या जकुझीत सहा तासांत दोन माणसं बसली, तीही फोटोपुरती.

दुसरी गोष्ट म्हणजे रूट. बोट मनाला येईल तिकडे जात नाही, रूट ठरवून दिलेले आहेत. एका रूटवर बंदराजवळची थिएन कुंग गुहा आणि पाण्यात चोचीला चोच लावून उभ्या असलेल्या कोंबड्यांसारखे दोन दगड. दुसऱ्यावर सुंग सोत गुहा, लुओन गुहा आणि ती तोप बेट. माझं मत विचाराल तर दुसरा, पण आई-बाबा बरोबर असतील तर थांबा. सुंग सोतला पायऱ्या चढाव्याच लागतात, आत ओलसर असतं. ती तोपच्या माथ्यावर जायला चारशेहून जास्त पायऱ्या आहेत. बाबांच्या गुडघ्याने पहिल्याच वळणावर राजीनामा दिला. ते खाली वाळूत बसले आणि गेर्मान तितोवच्या पुतळ्याकडे बघत राहिले. हो, तोच सोव्हिएत अंतराळवीर, गागारिननंतर पृथ्वीभोवती फिरलेला दुसरा माणूस. 1962 मध्ये हो ची मिन्ह त्याला इथे घेऊन आले होते, म्हणून बेटाला त्याचं नाव. बाबा भूगोलाचे शिक्षक, त्यांना पुतळ्यानेच पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

लुओनला मात्र कुणालाही जाता येतं. कायाक नको असेल तर स्थानिक बाई वल्हवतात त्या बांबूच्या होडीत बसायचं. डोंगराच्या पोटातल्या बोगद्याखालून होडी जाते आणि पलीकडे चारी बाजूंनी कडे असलेलं एकदम शांत पाणी. तिथे आई पहिल्यांदा काहीतरी बोलली. "आवाज बघ कसा घुमतोय," एवढंच.

जेवणाचं पटकन: 'आन चाय' म्हणजे शाकाहारी. बुकिंगमध्येही लिहा आणि बोटीवरही सांगा, कारण माशाचा सॉस कशातही असू शकतो. बाबा दिवसभर वेटरला 'आन चाय' म्हणत होते. आम्हाला वाटलं, चहा मागतायत. शेवटी त्यांना चहाही मिळाला.

हे सगळं आम्ही बघितलं ते ठरलेल्या दिवसानंतर दोन दिवसांनी. खरी गोष्ट इथे आहे.

ठरलेल्या दिवशी आम्ही सकाळी सात वाजता टोप्या, सनस्क्रीन लावून लॉबीत हजर. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "सॉरी, आज बंदराने बोटी थांबवल्यात." मी बाहेर बघितलं, हनोईत स्वच्छ ऊन. माझं डोकं सटकलं. मी तिला फोनवरचं वेदर ॲप दाखवलं, बुकिंगची रिसीट दाखवली, 'इथे तर ऊन पडलंय' हे तीनदा सांगितलं. मला खात्री होती की बोट भरली नसणार आणि हे कारण पुढे करतायत. आवाज चढला होता माझा. ती शांतपणे म्हणाली, "सर, बोट आम्ही थांबवत नाही, बंदर थांबवतं." आई मागून म्हणाली, "बस झालं. ती पोरगी काय वारा थांबवणारे का?"

मग दुपारभर खोलीत बसून मी वाचलं, जे आधी वाचायला हवं होतं.

हा लाँगचं पाणी शांत असतं. बेटं लाटा अडवतात, त्यामुळे बोट लागण्याचा त्रास जवळजवळ होत नाही. पण हीच शांतता फसवते. इथला धोका लाटेचा कमी आणि अचानक सुटणाऱ्या वाऱ्याचा जास्त. उन्हाळी-पावसाळी महिन्यांत दुपारी ढग उभे चढतात आणि काही मिनिटांत वादळी झोत खाली येतो. टूरिस्ट बोटी बघा कशा असतात: दोन-तीन मजले, सगळीकडे काचा, वर सनडेक. उंच अंग म्हणजे वाऱ्यासमोर भिंत. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. बोट एका ठरावीक कोनापर्यंत कलली तर परत सरळ होते, त्या कोनापलीकडे गेली की नाही. मधे फार वेळ मिळत नाही. त्यात पाऊस आला म्हणून सगळे आत गेलेले, खिडक्या बंद. जुलैच्या त्या बोटीत एका मुलाला काही तासांनी जिवंत काढलं, तो उलट्या बोटीतल्या हवेच्या पोकळीत तगून राहिला होता.

2011 मध्येही तिथे एक बोट बुडाली होती, पहाटे, प्रवासी झोपेत असताना. बारा जण गेले. सप्टेंबर 2024 मध्ये यागी वादळाने तर नांगरलेल्या बोटीही बुडवल्या. मी ज्याला एज केस म्हणत होतो, ती तिथल्या बंदराच्या माणसांसाठी दर पावसाळ्याची मुख्य केस आहे. मी हनोईच्या उन्हाकडे बघत होतो, ते दीडशे किलोमीटरवरच्या समुद्राकडे.

संध्याकाळी खाली जाऊन त्या मुलीची माफी मागितली. तिने हसून दोन दिवसांनंतरची सीट दिली. ती मिळाली, कारण आमच्याकडे दिवस शिल्लक होते. म्हणून पहिला सल्ला: हा लाँग कधीही ट्रिपच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. परतीचं विमान डोक्यावर असलं की माणूस चुकीच्या माणसाशी भांडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीच्या दिवशी बोटीत बसतो. बुकिंग करताना बंदराने बोटी थांबवल्या तर पूर्ण पैसे परत की फक्त तारीख बदलून, हे लेखी घ्या. सोयीचे महिने म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर. फेब्रुवारी-मार्चमध्ये धुकं आणि रिमझिम, सुळके अर्धेच दिसतात, पण मला वाटतं तेही छान असेल. जून ते सप्टेंबर तिकिटं स्वस्त का, ते आता कळलं असेल.

बोटीवर चढल्यावर वेलकम ड्रिंक हातात घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघा: लाइफ जॅकेट कुठे आहेत, आणि तुमच्या टेबलापासून बाहेर जायची दारं कुठे आहेत. छोट्या होडीत आणि कायाकमध्ये जॅकेट बकल लावूनच. 'फोटोत बरं दिसत नाही' हे मी माझ्याच वयाच्या तीन जणांकडून ऐकलं. आमच्या बोटीवर सगळ्यात आधी जॅकेट शोधलं ते आईने. एक उचकून बघितलं, बकल लावून-काढून बघितलं, आणि मग निवांत खिडकीशी बसली.

परतताना गाइडने दोन लाख डाँगची नोट बाहेर काढली आणि नोटेवरचा दगड समोर दाखवला. खरंच तोच, धूपदाणीसारखा, पाण्यात एकटा उभा. आईने माझ्याकडून तशीच एक नोट मागून घेतली. एअरपोर्टवर उरलेले डाँग बदलायला गेलो तेव्हा ती नोट तिने दिलीच नाही. आता ती घरी देवघरातल्या डबीत आहे.

पुढच्या एपिसोडमध्ये ई-व्हिसा फॉर्ममध्ये नाव-आडनावाचा घोळ कसा होतो ते बोलू, कारण बाबांचा फॉर्म मी दोनदा भरला. तुमचे प्रश्न व्हॉइस नोटवर पाठवा, एक मिनिटाच्या आत असेल तर नक्की ऐकतो.