विमान तासात पोचते. आपण किती वेळात?

सोलापूरहून विमान तासाभरात मुंबईला पोचते, हे आता गावोगावी ऐकू येते. ते खोटे नाही. परंतु विमानाचा तास वेगळा आणि आपला प्रवास वेगळा. घरच्या आजारी माणसाला मुंबईला न्यायचे असो की मुलाची मुलाखत असो, तिकीट काढण्याआधी हा हिशेब घरीच मांडावा.

प्रथम अंतर पाहू. नकाशावर सोलापूर आणि मुंबईच्या विमानतळांमध्ये दोरी ताणली, तर ते सुमारे ३६० किलोमीटर भरते. रेल्वेने मात्र सुमारे ४५५ किलोमीटर होतात, कारण रुळांना दौंड, पुणे करीत बोरघाट उतरावा लागतो. गोव्याचा मोपा विमानतळ सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. होटगी रस्त्यावरील विमानतळावरून गोव्याची सेवा ९ जून २०२५ रोजी, तर मुंबईची १५ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरू झाली.

तुम्ही म्हणाल, जेट विमान तासाला आठशे किलोमीटर जाते, मग एवढ्या अंतराला तास कशाला? आखूड रानात नांगरताना बराच वेळ बैल वळवण्यातच जातो, तसेच हे आहे. धावपट्टीपर्यंत सरकणे, वर चढणे, मुंबईवर उतरायची पाळी येईपर्यंत थांबणे, यात वेळ मोडतो. उतरणेही एकदम होत नाही. एक किलोमीटर खाली येण्यासाठी विमानाला साधारण वीस किलोमीटर पुढे जावे लागते. अशा सौम्य उताराच्या वाटेत उंच बांधकाम चालत नाही. म्हणूनच सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंच चिमणी अडचणीची ठरली आणि सभासद व कामगारांचा विरोध असताना १५ जून २०२३ रोजी पाडली गेली. या तासाची किंमत ऊसवाल्यांनीही मोजली आहे.

आता आपला हिशेब. सोलापूर शहरातल्या माणसाला विमानतळ गाठायला अर्धा तास, तेथे तपासणीसाठी दोन तास आधी हजेरी, उड्डाणाचा एक तास, सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास आणि मुंबईच्या गर्दीतून परळला जायला एक तास धरा. झाले पाच तास. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेली वंदे भारत गाडी मुंबईला साडेसहा तासांच्या आसपास घेते. म्हणजे बचत दीड तासाची.

पंढरपूरकडच्या माणसाचे गणित निराळे. त्याला आधी सत्तरएक किलोमीटर उलट सोलापूरकडे यावे लागते. तोच कुर्डुवाडीला गाडीत बसला, तर बचत जेमतेम उरते. शिवाय ज्वारीचे गाठोडे गाडीत चालते. विमानात ठरल्यापेक्षा जास्त वजनाला किलोमागे पैसे पडतात.

मग विमान कोणासाठी? ज्याला सहा-सात तास बसवत नाही त्या रुग्णासाठी, आणि मुंबईहून पुढे दिल्लीला किंवा परदेशी उडायचे आहे त्याच्यासाठी. मात्र रुग्णाला नेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, उड्डाणाचा वार व वेळ पक्की करावी, आणि उशीर झाला तर चालेल का, हेही पाहावे. घड्याळ लावायचे ते आपल्या उंबऱ्यापासून, धावपट्टीपासून नव्हे.