गोधडीतला मसावि

आकड्यांशी गप्पा : भाग ९

मसावि आणि लसावि या जोडीत फसगत नावापासूनच सुरू होते. मसावितला 'म' महत्तमाचा, म्हणून उत्तर मोठं येणार. लसावितला 'ल' लघुत्तमाचा, म्हणून छोटं येणार, असं पोरं धरून चालतात. होतं नेमकं उलटं. १२ आणि १८ चा मसावि ६, लसावि ३६. विभाजक आकड्याच्या पोटात मावणारा. त्यातला सगळ्यांत मोठा घेतला तरी तो आकड्याबाहेर कसा जाईल?

गेल्या भागात आपण विभाजकांच्या याद्या करून सामाईक तेवढे टिपले. लहान आकड्यांना ते ठीक. आता २२१ आणि १९५ घ्या. १९५ मधला ५ लगेच दिसतो. पण २२१ ला २ ने, ३ ने, ५ ने, ७ ने, ११ ने भाग जात नाही. इथवर आलेले बहुतेक जण 'मूळ संख्या दिसते' म्हणून पाटी पुसतात.

ही जोडी मी शोधलेली नाही. ती 'लीलावती'तली, म्हणजे भास्कराचार्यांची. जन्म शके १०३६, ग्रंथ इ.स. ११५० चा. त्यांचं गणित असं : २२१ ला कितीने गुणून त्यात ६५ मिळवले, तर १९५ ने नि:शेष भाग जाईल? या प्रकाराला कुट्टक म्हणतात, म्हणजे कुटणारा. मिरची कुटावी तसे आकडे कुटून बारीक करायचे. पहिला घाव मसाविचा.

तो घाव कात्रीने घालून पाहू. २२१ सेंटिमीटर लांब आणि १९५ रुंद असं कापड आहे. त्याचे गोधडीसाठी सारखे चौकोन कापायचेत, होतील तेवढे मोठे, आणि चिंधीसुद्धा उरता कामा नये. आधी १९५ चा एक मोठा चौकोन काढा. बाजूला २६ रुंदीची पट्टी उरते. १९५ लांबीच्या त्या पट्टीतून २६ चे सात चौकोन निघतात आणि १३ चा तुकडा उरतो. १३ चे दोन बसले की २६ पुरे; शिल्लक काही नाही. मसावि १३. विभाजकांची एकही यादी न करता!

हे जमतं कारण जो चौकोन २२१ मध्येही बसतो आणि १९५ मध्येही, तो उरलेल्या २६ मध्ये बसलाच पाहिजे. म्हणून मोठे आकडे सोडून बाकीच्या मागे जायचं. ही परस्परांनी भागण्याची रीत ग्रीसमध्ये युक्लिडने दिली, आपल्याकडे आर्यभटाच्या कुट्टकातही ती आहे.

गोधडीत आता १७ × १५, म्हणजे २५५ तुकडे. भास्कराचार्यांचं गणितही तेवढंच आटोपशीर झालं : १७ ला कितीने गुणून ५ मिळवले की १५ ने भाग जातो? ५ ने. ८५ आणि ५, नव्वद. तोंडी सुटलं.

लसावि तर फुकटात मिळतो. दोन आकड्यांचा गुणाकार करा, मसाविने भागा. केळीच्या बागेत ठिबकमधून एक खत दर १२ दिवसांनी आणि दुसरं दर १८ दिवसांनी सोडायचं असेल, तर आज दोन्ही सोडल्यावर पुन्हा एकाच दिवशी कधी येतील? २१६ भागिले ६, छत्तिसाव्या दिवशी. आकाशातही तेच चालतं. गुरूची फेरी सुमारे १२ वर्षांची, शनीची सुमारे ३०. दोघे जवळपास जुन्या जागी परततात ६० वर्षांनी. कुट्टकाची खरी गरज ज्योतिष्यांना होती, ती अशा फेऱ्यांच्या हिशेबापायी.

आणि हे शिकवायची सोय आपल्या खानदेशात होती. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, असं त्यात कोरलंय. साल शके ११२८. बराचसा लेख संस्कृतात, पण दानाचा तपशील मराठीत. देणं-घेणं लोकांना कळलं पाहिजे ना! पाटणादेवीला जाणाऱ्यांपैकी कितीजण त्या मठाची आठवण काढतात, कोण जाणे.

पुढच्या भागापर्यंत ३९१ आणि २९९ चा मसावि काढून ठेवा. तीन भागाकारांत उत्तर यायला हवं. चौथा करावा लागला, तर वजाबाकी तपासा.