घराचें निवातकवच

घर बांधावयाचें ठरलें म्हणजे आपल्या कुटुंबांत पहिली चर्चा निघते ती देवघराच्या दिशेची, दुसरी स्वयंपाकाच्या ओट्याची आणि तिसरी फरशीच्या रंगाची. छपराविषयीं कोणी बोलत नाहीं. तें गळूं नये एवढीच अपेक्षा असते. वस्तुतः होळी झाल्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत घरांतील माणसांना सुखाची झोप लागणार कीं नाहीं, हें छपरावरच ठरतें. वरच्या मजल्यावरील खोली बहुधा नव्या सुनेच्या आणि तिच्या तान्ह्याच्या वाट्यास येते. एकमजली बंगल्यांत तर आजी-आजोबांची खाटही स्लॅबाखालींच असते.

ही केवळ सुखासीनतेची गोष्ट नव्हे. मे २०१० मध्यें अहमदाबादेंत जी उष्णतेची लाट आली, त्या एका महिन्यांत नेहमींच्या मानानें तेराशेंहून अधिक मृत्यु जास्त झाले, असें पुढें हिशेब करणाऱ्यांस आढळून आलें. त्यांतूनच २०१३ सालीं त्या शहरानें उष्णतेशीं तोंड देण्याची रीतसर योजना आंखली. दिवसाच्या उन्हापासून माणूस सावलीस तरी जातो. परंतु रात्रीं खोलीच निवली नाहीं तर वृद्धांच्या आणि अर्भकांच्या शरीरास विसावा कोठून मिळावा?

पूर्वजांनीं हा प्रश्न आपल्या परीनें सोडविला होता. सोलापूर-मराठवाड्याकडील माळवदें आणि खानदेश-वऱ्हाडांतील धाब्याचीं घरें यांच्या माथ्यावर लाकडी फळ्या व त्यांवर मातीचा जाड थर असे. ही माती उष्णतेस सर्वस्वीं अडवीत नसे, पण वाटेंत इतकी रखडवीत असे कीं दुपारचें ऊन खालीं पोंचेपर्यंत सायंकाळचा वारा सुटलेला असे. मात्र माळवदाचे गोडवे गाणारांनीं त्याचे दोषही सांगावे: वजन अफाट, वाळवीची भीति, आणि दरवर्षीं पावसापूर्वीं नवी माती पसरण्याचा व्याप. कोंकणांत आणि घाटमाथ्यावर कौलें होतीं. बाझेल मिशननें १८६५ सालीं मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढल्यावर तीं सपाट लाल कौलें सर्वत्र गेलीं. कौल तापतें खरें. पण त्याच्या फटींतून वारा खेळतो, आणि दमट हवेंत तोच खरा उपाय होय. त्यानंतर पत्रा आणि स्लॅब आले. पत्रा ऊन पडतांच तापतो आणि ऊन जातांच निवतो. स्लॅबाची चाल अधिक कपटी. तो दुपारभर ऊन पोटांत सांठवितो आणि दिवे लागल्यावर तें घरांतील माणसांवर ओतूं लागतो.

आपल्या घरांतील अपराधी कोण, हें ओळखण्यास यंत्र नको. रात्रीं दहाच्या सुमारास स्टुलावर उभें राहून छताला तळहात लावावा, मग आंतल्या भिंतीला लावावा. छत अधिक ऊन लागलें तर दोष छपराचा. पश्चिमेची भिंत तापलेली असेल तर मात्र रोधक द्रव्यांच्या मागें न लागतां छज्जा वाढवावा किंवा झाड लावावें. तें स्वस्त पडतें.

आतां रोधक द्रव्य म्हणजे काय? महाभारताच्या वनपर्वांत अर्जुन निवातकवच नांवाच्या दानवांशीं लढतो. ज्यांच्या चिलखतांतून वारा देखील शिरत नाहीं ते निवातकवच. नांवाची ही फोड विद्यार्थ्यांस शिकवितांना, ती पुढें घरबांधणीच्या कामीं येईल असें आम्हांस वाटलें नव्हतें. कोणतेंही उष्णतारोधक द्रव्य घ्या, थर्मोकोल असो, कांचेची लोकर असो, कीं उसाचें पाचट असो. काम करते ती त्या द्रव्यांत कोंडलेली निश्चल हवा. वाहती हवा उष्णता वाहून नेते, कोंडलेली हवा तीस अडविते. द्रव्य हें नुसतें हवेला जागचें हलूं न देण्यापुरतें. म्हणूनच त्यांत पाणी शिरलें कीं सर्व व्यर्थ. कारण स्थिर हवेपेक्षां पाणी वीसपटींहून अधिक सुलभतेनें उष्णता जाऊं देतें.

थोडा हिशेब करूं. १५ सेंटिमीटर जाडीच्या उघड्या स्लॅबाच्या वर-खालीं एका अंशाचा फरक असेल तर दर चौरस मीटरांतून सुमारे सव्वातीन वॉट उष्णता आंत येते. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोनें २०१८ सालीं ‘ईको निवास संहिता’ प्रसिद्ध केली (नांवाचा अधिकांश तरी संस्कृत आहे, हें आमचें समाधान). तींत छपरासाठीं ही मर्यादा १.२ वॉट घातली आहे. आपल्याकडे गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा जो कोबा करतात, तो चार इंच घातला तर आंकडा जेमतेम सव्वादोनपर्यंत उतरतो, आणि चौरस मीटरमागें पावणेदोनशें-दोनशें किलो वजन वाढतें. तेंच दोन इंच थर्मोकोलाचें वजन एखादा किलो, आणि आंकडा अर्ध्याच्या आसपास. दोन इंच थर्मोकोलाइतका अडसर नुसत्या काँक्रीटनें करावयाचा तर थर दोन मीटरांहून जाड लागेल! कोबा पाणी अडविण्यासाठीं उत्तम. त्यावर उष्णतेचाही भार टाकणें अन्यायाचें आहे.

द्रव्याइतकेंच महत्त्व जागेला आहे. रोधक थर शक्यतों स्लॅबाच्या वर असावा. तेथें तो असला म्हणजे ऊन स्लॅबापर्यंत येतच नाहीं, स्लॅब कमी फुगतो-आकसतो, त्यामुळें तडेही कमी जातात. आमच्या एका स्नेह्यांनीं वरच्या मजल्यावर प्लास्टरचें नक्षीदार खोटें छत बसविलें, आणि तरीही उकाडा कां म्हणून ते विचारीत राहिले. स्लॅब पूर्वीप्रमाणेंच तापत होता आणि प्लास्टरच्या पातळ पडद्यास त्याच्याशीं झगडण्याचें बळ नव्हतें. सदनिकेंत गच्चीवर आपला हक्क नसेल तर खालून थर लावणें भाग पडतें. पण तेव्हां त्या खोट्या छतावर कांचेच्या किंवा दगडाच्या लोकरीची गादी अवश्य असावी. ही लोकर जळत नाहीं, हा तिचा मोठा गुण. ती अंगास खाजते, म्हणून बसविणारानें हातमोजे घालून नाकास फडकें बांधावें. तिच्यामुळें कर्करोग होतो कीं काय ही शंका होती. परंतु आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें २००१ सालीं फेरविचार करून रोधक कांचलोकरीस संशयितांच्या यादींतून काढलें.

गच्चीवर घालावयाचें तर आपल्या कुटुंबांची एक अडचण लक्षांत ठेवली पाहिजे. गच्ची ही पापड-कुरडयांच्या वाळवणाची जागा; तेथें पाय पडणारच. साधा हलका थर्मोकोल दबतो आणि कांहींसें पाणीही पितो. त्यापेक्षां त्याचाच दाट भाऊ, एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीन, याच्या पाट्या महाग असल्या तरी गच्चीस योग्य. त्या पाणी जवळजवळ घेतच नाहींत. प्रथम जलरोधक थर, त्यावर पाट्या, त्यावर सिमेंटचा थर आणि शेवटीं पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, असा क्रम असावा. फवाऱ्यानें मारावयाचा पॉलियुरेथेनचा फेस याहूनही चांगला रोधक आहे. परंतु उघडा ठेवल्यास उन्हानें त्याची भुकटी होते.

पत्र्याचें छप्पर असेल तर गणित बदलतें. तेथें त्रास मुख्यत्वें पत्र्यापासून खालीं फेकल्या जाणाऱ्या उष्ण किरणांचा, आणि त्यास चकचकीत ॲल्युमिनियमचा पडदा चांगला अडवितो. पण त्याची चकचकीत बाजू खालीं असावी व तिच्याखालीं मोकळी हवा असावी. वर ठेवली तर धूळ बसून तेज जातें, आणि दोन्हीं बाजूंनीं चिकटवून टाकली तर गुण येतच नाहीं. पाचट वा झावळ्या पत्र्यावर पसरणें ही जुनी, स्वस्त आणि गुणकारी युक्ति; ठिणगीचें भय मात्र विसरूं नये. ॲस्बेस्टॉसचे जुने पत्रे असतील तर ते फोडूं नयेत, कापूं नयेत, घांसूं नयेत. त्याचे अदृश्य तंतु फुप्फुसांत जाऊन कर्करोग घडवितात, आणि युरोपीय संघानें २००५ पासून त्याचा वापर बंद केला आहे.

आगीविषयीं दोन शब्द अधिक लिहिणें प्राप्त आहे, कारण दुकानदार तें सांगत नाहीं. थर्मोकोल आणि पॉलियुरेथेन पेटतात आणि त्यांचा धूर विषारी असतो. १४ जून २०१७ रोजीं लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच इमारतीस आग लागून ७२ माणसें मृत्यु पावलीं. बाहेरून बसविलेल्या पत्र्यांच्या पोटांतील प्लास्टिकनें ती आग भराभर वर नेली आणि त्यामागील रोधक फेसही जळाला. म्हणून हीं द्रव्यें सिमेंटच्या थराखालीं गाडलेलीं ठीक. स्वयंपाकघराच्या किंवा देवघराच्या छताला उघड्या थर्मोकोलाच्या पाट्या चिकटविणें, जेथें समई व निरांजन रोज तेवतात तेथें, आम्हांस तरी मान्य नाहीं.

ज्यांस एवढा खर्च झेपत नाहीं त्यांनीं निदान गच्चीस चुना द्यावा. ताजा पांढरा चुना दोन-तृतीयांशाहून अधिक ऊन परत आकाशांत धाडतो. अहमदाबादेंत २०१७ सालीं गरीब वस्त्यांतील छपरें पांढरीं करण्याचा उपक्रम याच आधारावर सुरू झाला. धुळीनें व पावसानें तो फिका पडतो, म्हणून दरवर्षीं द्यावा लागतो. आणि रोधक थर घातल्यावरही रात्रीं खिडक्या उघड्या ठेवाव्या. जें कवच उष्णतेस आंत येऊं देत नाहीं, तें स्वयंपाकाची व माणसांची ऊब बाहेरही जाऊं देत नाहीं.

काम माघ-फाल्गुनांत काढावें. पाट्यांचे सांधे नीट मिळाले कीं नाहींत हें घरांतील कर्त्या माणसानें स्वतः वर चढून पाहावें, आणि सिमेंट ओतण्यापूर्वीं पन्हळीच्या तोंडाकडे उतार राहिला आहे ना, तें बादलीभर पाणी ओतून तपासावें. गवंडी उद्यां निघून जाईल. पाणी मात्र तेथेंच तुंबेल.