मालदीवला दिल्लीचा आधार. कसोटी मात्र मालेतील आर्थिक सुधारणांची

नवी दिल्ली : पाच लाखांहून थोडी अधिक लोकसंख्या, हिंदी महासागरात विखुरलेली सुमारे १,२०० बेटे आणि पर्यटनावर उभी असलेली अर्थव्यवस्था, असे मालदीवचे स्वरूप आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये या देशाची परकीय गंगाजळी दोन महिन्यांच्या आयातीलाही पुरणार नाही, इतकी खालावली होती. इस्लामी रोख्यांवरील, म्हणजे सुकूकवरील, व्याजाचा हप्ता ऑक्टोबरमध्ये देय होता. तो थकला असता, तर एखाद्या देशाने सुकूकची देणी चुकवण्याची जगातील ती पहिलीच घटना ठरली असती. हा प्रसंग टळण्यात नवी दिल्लीतील निर्णयांचा वाटा मोठा होता.

ही मदत एकाच स्वरूपाची नाही. भारतीय स्टेट बँकेने मे आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मालदीव सरकारच्या प्रत्येकी ५ कोटी डॉलरच्या ट्रेझरी बिलांना एकेक वर्षाची मुदतवाढ दिली. त्यानंतर ७ ऑक्टोबर २०२४ रोजी राष्ट्राध्यक्ष मोहम्मद मुइज्जू दिल्लीत असताना ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांच्या चलन अदलाबदलीचा करार झाला. या व्यवस्थेत रिझर्व्ह बँक ठरावीक मुदतीसाठी चलन उपलब्ध करून देते आणि मुदत संपल्यावर ते व्याजासह परत करावे लागते. थोडक्यात, हे अनुदान नसून उसना आधार आहे.

अनुदान आणि दीर्घ मुदतीचे कर्ज हे मदतीचे आणखी दोन मार्ग आहेत. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात परराष्ट्र मंत्रालयाच्या तरतुदीतून मालदीवसाठी ६०० कोटी रुपये राखून ठेवण्यात आले. मोठ्या प्रकल्पांना एक्झिम बँकेमार्फत सवलतीच्या दराने कर्ज मिळते. त्यातील साधारण ७५ टक्के माल व सेवा भारतातूनच घ्याव्या लागतात. मालेला विलिंगिली, गुल्हिफाल्हू आणि थिलाफुशी या बेटांशी जोडणारा ६.७४ किलोमीटरचा सेतुमार्ग ४० कोटी डॉलरचे कर्ज व १० कोटी डॉलरचे अनुदान यांतून उभारला जात असून त्याचे काम मुंबईच्या अॅफकॉन्स कंपनीकडे आहे.

भारताच्या दृष्टीने या मदतीमागे भूगोल आहे. लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटापासून मालदीव अवघ्या ७० सागरी मैलांवर आहे आणि या परिसरातून महत्त्वाचे जलमार्ग जातात. राजकारण मात्र सरळ नाही. मुइज्जू २०२३ मध्ये भारतीय सैनिकांच्या माघारीचे आश्वासन देऊन निवडून आले आणि १० मे २०२४ पर्यंत त्या सैनिकांची जागा भारतीय तंत्रज्ञांनी घेतली. तणावाच्या त्याच काळात, एप्रिल २०२४ मध्ये, देशात कांदा निर्यातबंदी लागू असतानाही भारताने मालदीवसाठी सुमारे ३५,७४९ टन कांद्याचा कोटा मंजूर केला. नाशिकचा शेतकरी निर्यात खुली होण्याची वाट पाहत असताना शेजारधर्माची किंमत कोण मोजतो, हेही त्यातून दिसले.

मालदीवच्या संकटाचे मूळ मात्र देशांतर्गत आहे. सार्वजनिक कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या शंभर टक्क्यांपलीकडे गेले आहे. अन्नधान्य, इंधन व औषधे आयात करावी लागतात. वीज, इंधन व मुख्य अन्नपदार्थांवर सरसकट अनुदान आहे आणि ‘आसंधा’ आरोग्य विम्याचा भारही सरकारवर आहे. उत्पन्न वाढवण्यासाठी मालेने जानेवारी २०२५ पासून पर्यटकांवरील हरित कर दुप्पट केला. जुलैपासून पर्यटन सेवाकर १६ वरून १७ टक्क्यांवर नेला. खर्चाची बाजू अधिक अवघड आहे. सरसकट अनुदानाऐवजी गरजूंनाच मदत देण्याची घोषणा झाली, पण अंमलबजावणी लांबत गेली. दूरच्या बेटावरील कुटुंबाला वीजबिल आणि पिठाचा भाव यांतूनच सुधारणा जाणवणार असल्याने कोणतेही सरकार येथे कचरते.

येथेच भारतीय मदतीची मर्यादा दिसते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी कर्जासोबत सुधारणांच्या अटी घालतो. भारताचे अधिकृत धोरण मात्र भागीदार देशाच्या गरजेनुसार, राजकीय अटी न लादता सहकार्य करण्याचे आहे. अटी घातल्या, तर ‘इंडिया आउट’ मोहिमेला आयते निमित्त मिळेल; न घातल्या, तर उसन्या पैशांवर सुधारणा पुढे ढकलता येतील. श्रीलंकेला २०२२ मध्ये भारताने सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत दिली, तरी त्या देशाला अखेर कठोर अटी मान्य करून नाणेनिधीकडे जावेच लागले.

जुलै २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या माले भेटीत ४,८५० कोटी रुपयांचे नवे कर्ज जाहीर झाले. हे कर्ज डॉलरऐवजी रुपयांत आहे. जुन्या कर्जांचा वार्षिक परतफेडीचा भारही ५.१ कोटी डॉलरवरून २.९ कोटींवर आणण्यात आला. दिल्लीने अशा रीतीने मालेला उसंत मिळवून दिली आहे. तिचा उपयोग होईल की पुढच्या हप्त्याच्या वेळी पुन्हा दिल्लीचेच दार ठोठावले जाईल, हे मालेच्या अर्थसंकल्पातील अनुदानांच्या रकान्यावरून ठरेल.