बोलण्याआधीचा हिशेब

छापलेल्या मजकुरात दोन शब्दांच्या मध्ये मोकळी जागा असते; उच्चारलेल्या वाक्यात ती नसते. 'बाळाला जरा इकडे आण' हे वाक्य आपण एका दमात म्हणतो आणि ऐकणाऱ्याला त्यात चार सुटे शब्द ऐकू येतात, कारण ते त्याला आधीपासून ठाऊक असतात. ज्याला ठाऊक नसतात, त्याच्या कानी पडतो तो केवळ एक अखंड ध्वनिप्रवाह. बदलीच्या निमित्ताने चेन्नईच्या किंवा कोलकात्याच्या शाखेत रुजू झालेल्या सहकाऱ्यांना याचा अनुभव असेल. काउंटरपलीकडून ग्राहक काहीतरी कळकळीने सांगत असतो आणि आपल्याला एक शब्द कोठे संपला व दुसरा कोठे सुरू झाला हेदेखील उमगत नाही. अर्थ ही तर त्यानंतरची गोष्ट. तरी आपल्या हाताशी शेजारच्या टेबलावरचा दुभाषा असतो, गेला बाजार शब्दकोश असतो. पाळण्यातील बालकाजवळ यांपैकी काहीही नसते, आणि तरीही वर्ष-दीड वर्षात ते या प्रवाहातून शब्द वेचून काढू लागते.

हे कसे घडते, याचा एक मोठा धागा १९९६ साली हाती लागला. अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठात जेनी सॅफ्रन, रिचर्ड अ‍ॅस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट या संशोधकांनी आठ महिन्यांच्या बालकांना संगणकाने तयार केलेला एक विचित्र आवाज ऐकवला : 'बिदाकुपादोतीगोलाबुबिदाकु...' असा, मध्ये कोठेही न थांबणारा, ना चढ ना उतार. त्यात 'बिदाकु', 'पादोती', 'गोलाबु' आणि 'तुपिरो' असे चार कृत्रिम शब्द उलटसुलट क्रमाने गुंफलेले होते. मुलांना हा आवाज ऐकवला तो फक्त दोन मिनिटे.

आता यात शब्द ओळखायची खूण कोणती? एकच. 'बि'नंतर नेहमी 'दा' येतो, 'दा'नंतर नेहमी 'कु'. परंतु 'कु'नंतर 'पा', 'गो' किंवा 'तु' यांपैकी काहीही येऊ शकते. म्हणजे शब्दाच्या आत पुढच्या अक्षराची संभाव्यता एक, आणि शब्दाच्या वेशीवर ती घसरून एक-तृतीयांश. वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमात संभाव्यतेच्या प्रकरणाची धास्ती घेतलेल्या आम्हा मंडळींना हे वाचून थोडे ओशाळायलाच होते! कारण त्या बालकांनी हा हिशेब केला होता. नंतर ध्वनिक्षेपकातून कधी प्रवाहातील शब्द, तर कधी त्या क्रमाने पूर्वी कधीच न आलेले अक्षरसमूह ऐकवले, तेव्हा मुले नव्या समूहांकडे अधिक वेळ लक्ष देत राहिली. दुसऱ्या प्रयोगात एका शब्दाचे शेपूट व पुढच्याचे तोंड जोडून तयार केलेले तुकडे वापरले. तेही मुलांनी वेगळे ओळखले. हा फरक सरासरीने एका सेकंदाहून थोडा कमीच होता. परंतु जे बालक बोलू शकत नाही, त्याच्या मनातील हिशेब तपासायचा तर त्याची मान कोणत्या दिशेला किती वेळ वळते, यावाचून दुसरी खतावणी उपलब्ध नसते.

आपल्या घरातही हेच चालू असते असे मानायला जागा आहे. 'पाणी दे', 'पाणी सांडलं', 'गार पाणी हवं का' ही वाक्ये दिवसभर कानावर पडतात. 'पा'च्या मागोमाग 'णी' पुन्हापुन्हा येतो, 'णी'च्या मागे मात्र दर वेळी निराळेच काही. अर्थात खरे बोलणे प्रयोगशाळेतील सपाट आवाजासारखे नसते. आई लाडाने बोलते तेव्हा सूर उंचावतो, शब्द लांबतो, मध्ये क्षणभर थांबणेही होते. लाडिक बोलण्याला नाके मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. बालकाच्या दृष्टीने ते उपयुक्त साहाय्य आहे.

पण शब्द वेचणे निराळे आणि नियम हेरणे निराळे. १९९९ साली न्यूयॉर्क विद्यापीठातील गॅरी मार्कस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सात महिन्यांच्या मुलांना 'गा ती गा' अशा घाटाची तीन-तीन अक्षरे ऐकवली. दुसऱ्या गटाला 'गा ती ती' अशा घाटाची. नंतर अक्षरे संपूर्ण बदलून 'वो फे वो' आणि 'वो फे फे' ऐकवले. ही अक्षरे मुलांनी प्रयोगात पूर्वी ऐकलीच नव्हती, त्यामुळे कोणाच्या मागे कोण येते याची नोंद येथे निरुपयोगी. तरीही अपरिचित घाट आला की मुले अधिक वेळ ऐकत राहिली. अक्षर कोणतेही असो, 'पहिले पुन्हा शेवटी येते' ही अमूर्त रचना त्यांनी उचलली होती. यावरून पुढे विद्वानांत बराच वाद झाला. हा खरा नियम की निव्वळ साम्याची जाण, यावर दोन्ही बाजूंनी हिरिरीने लिहिले गेले. त्यात शिरण्याचे येथे कारण नाही. आपल्याला या प्रवृत्तीची पुढची पावले घरात ऐकू येतातच : 'बसला', 'उठला', 'पडला' ऐकून ऐकून दोन-अडीच वर्षांचे मूल 'केला'ऐवजी 'करला' म्हणते. हा शब्द त्याला कोणी शिकवलेला नसतो. ती चूक आहे खरी, पण नियम कळल्याखेरीज करता न येणारी.

या साऱ्या शोधात एक प्रकरण थेट आपल्या वर्णमालेशी निगडित आहे. 'ताक' आणि 'टाक' यांतला भेद मराठी कानाला इतका ढळढळीत वाटतो, की कोणाला तो ऐकूच येत नसेल यावर विश्वास बसत नाही. परंतु इंग्रजीभाषक प्रौढांना दंत्य 'त' व मूर्धन्य 'ट' वेगळे ओळखणे अत्यंत अवघड जाते. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिंदीतील हेच दोन ध्वनी इंग्रजी घरांतील बालकांना ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांना भेद कळला. दहा ते बारा महिन्यांच्या मुलांपैकी फारच थोड्यांना कळला. हिंदी घरांतील मुलांची क्षमता मात्र वर्ष भरत आले तरी शाबूत होती. म्हणजे बालक कान रिकामा घेऊन येत नाही. आरंभी ते उदारपणे अनेक भाषांतील भेद ऐकते आणि घरात ज्यांचा उपयोग नाही त्यांच्याकडे हळूहळू कानाडोळा करू लागते. ती दारे कायमची बंद होतात असे नाही, पण पुढे ती ढकलायला बळ फार लागते. मोठेपणी मराठी शिकणाऱ्या अमराठी सहकाऱ्याला 'चार'मधला आणि 'चारा'मधला 'च' निराळा आहे हे समजावून सांगून पाहावे!

येथे बँकेच्या नोकरीतील कुटुंबांना जिव्हाळ्याचा प्रश्न उभा राहतो. दर तीन-चार वर्षांनी बदली. घरात मराठी, शेजारी तेलुगू किंवा बंगाली, पाळणाघरात हिंदी. मूल गोंधळून जाईल, बोलायला उशीर करील, म्हणून घरात एकच भाषा, तीही शक्यतो इंग्रजी, ठेवावी असा सल्ला जेवणाच्या सुट्टीत हमखास मिळतो. उपलब्ध पुरावा या सल्ल्याला अनुकूल नाही. इटलीतील त्रिएस्ते येथे आग्नेस कोवाच आणि जाक मेलर यांनी २००९ साली बारा महिन्यांच्या मुलांपुढे ध्वनींचे दोन निरनिराळे घाट एकाच वेळी ठेवले. एकभाषिक घरांतील मुलांनी त्यांतला एक आत्मसात केला. जन्मापासून दोन भाषा ऐकणाऱ्या मुलांनी दोन्ही. तेव्हा ज्या भाषेत आई-वडील सहज बोलतात, रागावतात, गोष्ट सांगतात, ती घरात मोकळेपणाने बोलावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मराठीच्या जागी अडखळते इंग्रजी ठेवल्याने बालकाच्या हिशेबाला पुरेशा नोंदीच मिळत नाहीत.

नोंदी मिळाव्यात म्हणून दूरदर्शन संच सुरू ठेवणे हा मात्र मार्ग नव्हे. सिअ‍ॅटलमध्ये पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बालकांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली. समोर माणूस बसून खेळत-वाचत असताना मुलांनी चिनी ध्वनिभेद आत्मसात केले. तीच माणसे, तोच मजकूर पडद्यावरून किंवा ध्वनिफितीवरून दिला तेव्हा काहीच पदरी पडले नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने नातवंडांपासून दूर असणाऱ्या आजी-आजोबांनी खट्टू होण्याचे कारण नाही. २०१४ सालच्या एका अभ्यासात दोन ते अडीच वर्षांची मुले व्हिडिओ कॉलवरून नवी क्रियापदे शिकली, कारण पलीकडचा माणूस त्यांच्या हालचालींना तिथल्या तिथे प्रतिसाद देत होता. आजीने फोनवरून 'काय रे, काय खाल्लंस?' असे विचारून उत्तराची वाट पाहिली, तर ते संभाषणच होय.

या सर्वांना एक पूर्वअट आहे : ऐकू येणे. ज्या बालकाला ऐकू येत नाही तेही सुरुवातीला हुंकार देते, हसते, आवाज काढते, त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. ऐकणारी मुले साधारण सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान 'बाबाबा', 'दादादा' अशी अक्षरमाळ सुरू करतात. ती दहाव्या महिन्यानंतरही सुरू झाली नाही, तर वाट पाहत बसू नये. 'आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात' हे वाक्य अशा वेळी फार महाग पडते. खरे तर तितकेही थांबण्याचे कारण नाही. पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारास प्रारंभ, असा क्रम तज्ज्ञांनी घालून दिला आहे. ही तपासणी वेदनारहित असून बाळ झोपेत असतानाही होते. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था या क्षेत्रात कित्येक दशके कार्यरत आहेत.

कान बंद असले तरी घाट शोधण्याची ओढ बंद पडत नाही. माँट्रियल येथे लॉरा पेतितो आणि पॉला मॅरेन्टेट यांनी १९९१ साली दोन कर्णबधिर बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे आई-वडील कर्णबधिर होते आणि घरात खुणांची भाषा चालत असे. ज्या वयात इतर मुले 'बाबाबा' म्हणतात, त्याच वयात ही मुले हातांच्या बोटांनी त्या भाषेतील सुटे आकार, अर्थाविना, पुन्हापुन्हा करीत होती.