‘सुट्टीत पाच पुस्तकं वाचा, सारांश लिहा’ : हा गृहपाठ मुलं मनापासून का करत नाहीत?

मे महिना लागला की ठाणे-डोंबिवलीतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ येऊन पडते. इंग्रजी शाळा असेल तर वर ‘हॉलिडे होमवर्क’, मराठी असेल तर ‘सुट्टीतील अभ्यास’. आत गणिताची वर्कशीट, एखादी टाकाऊतून टिकाऊ वस्तू आणि शेवटी हमखास एक ओळ : कोणतीही पाच अवांतर पुस्तकं वाचा आणि प्रत्येकाचा सारांश दहा ओळींत लिहा.

मग ग्रुप शांत होतो. कुणी कोकणात, कुणी घाटावर, कुणी घरीच एसी लावून मोबाईलवर. जूनचा दुसरा आठवडा आला की पुन्हा हालचाल सुरू होते. ‘कुणाच्या मुलाने सारांश लिहिलेत का? फोटो पाठवा ना प्लीज.’

खरं सांगायचं तर मी पण यातलीच. सातवीत असताना एका पुस्तकाचा सारांश मी मागच्या कव्हरवरच्या मजकुरावरून लिहिला होता. ‘छान’ असा शेराही मिळाला. पुस्तक आजपर्यंत वाचलेलं नाही. आता ही कामगिरी चॅटजीपीटी करतो, तेवढाच काय तो फरक.

पण मुलं आळशी आहेत, मोबाईलने बिघडवली, असं म्हणून विषय संपवता येत नाही. हा गृहपाठ फसतो, त्यामागे कारणं आहेत.

गृहपाठ एकाने दिला, तपासायचा कुणी?

पहिलं कारण फार साधं आहे, पण त्याबद्दल कुणी बोलत नाही. राज्य मंडळाच्या शाळांत वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये होते, महाराष्ट्र दिनाच्या आसपास निकाल लागतो आणि मुंबई-ठाण्याकडच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. २०२५ मध्ये त्या १६ जूनला उघडल्या. म्हणजे मोठी सुट्टी बरोबर दोन इयत्तांच्या मध्ये येते. सहावीच्या बाईंनी वाचायला सांगितलं, पण जूनमध्ये मूल सातवीत गेलेलं असतं. वर्गशिक्षक बहुतेक वेळा बदललेले, वही नवी, पुस्तकं नवी. नव्या सरांना मागच्या बाईंनी काय दिलं होतं ते माहीत असेलच असं नाही. त्या पाच सारांशांचा आकारिक मूल्यमापनाशीही संबंध उरत नाही, कारण ते वर्ष संपलेलं असतं.

ठाण्यातल्या सीबीएसई शाळांचं गणित उलटं आहे. त्यांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं आणि सुट्टी वर्षाच्या आत पडते. तिथे हॉलिडे होमवर्क तपासला जातो, कधी त्याला गुणही असतात. त्यामुळे तो पूर्ण होतो. कोण पूर्ण करतं, हा प्रश्न वेगळा. थर्माकोलच्या मॉडेलवर रात्री एक वाजता बसलेली आई तुमच्या ओळखीत नक्की असेल.

जाता जाता : केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात सहावी ते आठवीसाठी रोज जास्तीत जास्त एक तास गृहपाठ, अशी शिफारस आहे. सुट्टीत एका मुलाला इंग्रजी, मराठी, हिंदी, विज्ञान आणि चित्रकला असे पाच शिक्षक वेगवेगळं काम देतात, तेव्हा ही बेरीज कुणी करत नाही. वाचन यादीत सगळ्यात खाली असतं, म्हणून सगळ्यात आधी तेच गळतं.

वाचनालयं आहेत, पण कुठे?

आता दुसरी गंमत. ही शहरं पुस्तकांच्या बाबतीत गरीब आहेत, असं कुणीच म्हणणार नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये सुरू झालं, ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांपैकी. डोंबिवलीत १९८६ पासून पै फ्रेंड्स लायब्ररी आहे आणि त्यांच्या पुस्तक आदान-प्रदान उपक्रमात आपलं वाचून झालेलं पुस्तक देऊन दुसरं घेऊन जाता येतं. अखिल भारतीय साहित्य संमेलन २०१० मध्ये ठाण्यात झालं, २०१७ मध्ये डोंबिवलीत. ग्रंथदिंडीत शाळेची मुलंच तर नटूनथटून चालत होती.

अडचण अंतराची आहे. जुनी वाचनालयं जुन्या गावात, स्टेशनच्या आसपास. गेल्या वीसेक वर्षांत वस्ती मात्र घोडबंदर रोडला गेली, खडकपाड्याला गेली, पलावाला गेली. बारा वर्षांच्या मुलाला तिथून एकटं स्टेशनकडे कोण पाठवणार? आई-बाबा सकाळची फास्ट पकडून जातात आणि रात्री घरी येतात. उरतो रविवार, त्यात लग्नं आणि मॉल. आणि शाळेची स्वतःची लायब्ररी, जिथे हजारो पुस्तकं असतात? ती नेमकी सुट्टीत कुलूपबंद. ज्या महिन्यात वाचा म्हणून सांगायचं, त्याच महिन्यात कपाटाची किल्ली शिपाईकाकांकडे.

मराठी बोलता येतं, वाचता येतं का?

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आणि अंमलबजावणी पहिली आणि सहावीपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. त्यामुळे इंग्रजी माध्यमातलं सातवीतलं मूलही मराठी पुस्तकाची यादी घेऊन घरी येतं. यादीत बहुधा ‘श्यामची आई’ असतं. पुस्तक थोर आहे, यात वादच नाही. पण ते साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं आहे. घरी अस्खलित मराठी बोलणारं, पण देवनागरी अक्षर लावत लावत वाचणारं मूल त्यातल्या जुन्या शब्दांना पहिल्या चार पानांतच अडखळतं. त्याला गोष्ट कळत नाही असं नसतं. एक पान वाचायला इतका वेळ लागतो की गोष्टीची मजा निघून जाते. मग ते स्वतःच ठरवून टाकतं की मराठी पुस्तकं बोअर असतात. हे नुकसान पाच सारांश न लिहिण्यापेक्षा मोठं आहे.

मग सुट्टीत वाचल्याने फरक पडतो का?

पडतो, पण अटी आहेत. अमेरिकेत ‘समर रीडिंग’ हा प्रकार मुरलेला आहे, त्यामुळे तिथे यावर अभ्यासही भरपूर झाला. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये जुन्या ३९ अभ्यासांचा आढावा घेतला. सुट्टीनंतर मुलं सरासरी महिनाभर मागे जातात आणि वाचनात मध्यमवर्गीय आणि गरीब घरांतल्या मुलांमधली दरी वाढते, असं त्यांना दिसलं. पुढे पॉल फॉन हिपेल यांनी २०१९ मध्ये यावर शंका घेतली. नव्या पद्धतीच्या चाचण्यांत ही घसरण तशी दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे ‘सुट्टीत सगळं विसरतात’ हे वाक्य आपण समजतो तेवढं पक्कं नाही.

आपल्या कामाचे आहेत ते आणखी दोन अभ्यास. रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रान्झेन यांनी फ्लोरिडातल्या गरीब वस्तीतल्या शाळांमध्ये लहान मुलांना सलग तीन उन्हाळे दरवेळी १२ पुस्तकं दिली. पुस्तकं निवडली मुलांनी स्वतः. त्यात सिनेतारे-गायकांवरची पुस्तकंही होती, शिक्षकांनी नाक मुरडावं अशी. तीन वर्षांनी ही मुलं पुस्तकं न मिळालेल्या मुलांपेक्षा वाचनाच्या चाचणीत पुढे होती. ‘सारांश लिहा’ ही अट नव्हती.

मग नुसती पुस्तकं दिली की झालं? नाही. जेम्स किम आणि थॉमस व्हाइट यांनी २००८ मध्ये तिसरी ते पाचवीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात नुसती पुस्तकं मिळालेल्या गटाला फारसा फायदा दिसला नाही. ज्यांना सुट्टीआधी शिक्षकांनी ‘न कळलं तर काय करायचं, मोठ्याने कसं वाचून दाखवायचं’ हे शिकवलं होतं, त्यांना झाला. ही सगळी मुलं सहावी-सातवीपेक्षा लहान होती, हे लक्षात ठेवायला हवं. तरी दिशा कळते. पुस्तक हातात पडलं पाहिजे, आवडीचं आणि झेपणारं पाहिजे, आणि त्यावर बोलायला कुणीतरी पाहिजे. आपली पीडीएफ यातलं काहीच देत नाही. ती मागते फक्त पुरावा.

पुरावा मागण्याची सवय शाळांपुरती नाही. राज्य सरकारच्या महावाचन उत्सवातही पुस्तक वाचून त्यावर लिहायचं आणि पोर्टलवर अपलोड करायचं असतं. हेतू चांगला आहे. पण लिहिलेलं अपलोड होतं, वाचलेलं अपलोड होत नाही.

तुमच्या घरात सहावी-आठवीतलं मूल असेल तर

शाळेची यादी बाजूला ठेवून आधी एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा. दर ओळीत तीन-चार शब्दांवर अडखळत असेल तर ते पुस्तक सध्या नको. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत आणि सोप्यापासून कठीण अशा पातळ्यांत लावलेल्या आहेत. तिथून सुरुवात करायला सातवीतल्या मुलाला लाज वाटू शकते, म्हणून त्याला धाकट्या बहिणीला वाचून दाखवायचं काम द्या. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाइन मोफत मिळतात. त्यात दोन पानांत संपणारी गोष्ट सापडते, ही मोठी सोय. सफाईने वाचणाऱ्याला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे, किंवा थोडं मोठं हवं असेल तर वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’. आवडलं नाही तर अर्ध्यात सोडू द्या. आपणही वेब सिरीज दुसऱ्या एपिसोडला सोडतोच की.

आणि शिक्षक वाचत असतील तर एक विनंती. सारांशाऐवजी असं काही विचारा ज्याचं उत्तर नेटवर नाही. कुठल्या पानावर पुस्तक बंद करावंसं वाटलं? यातलं कोणतं पात्र आपल्या सोसायटीत राहायला आलं तर वैताग येईल? कोणता शब्द आजीला विचारावा लागला? उत्तरं तोंडी चालतील. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात पुस्तकं आलेली नसतात, तासही धड लागलेले नसतात. त्यातला एक तास यासाठी पुरतो, फक्त सहावीच्या बाईंनी सातवीच्या सरांना एप्रिलमध्येच तसं सांगून ठेवायला हवं. आणि शाळेच्या कपाटातली पुस्तकं निकालाच्या दिवशी, पालक तसेही शाळेत येतात तेव्हा, प्रत्येकी दोन-दोन घरी द्यायला हवीत. दोन-चार हरवतील. कपाटात तरी ती कोण वाचतंय?