माथ्यावरून ओळखावी
प्रागमध्ये १६०७ साली जन्मलेला वेन्सेस्लॉस हॉलर हा सतराव्या शतकातल्या बायकांच्या पेहरावाचा सर्वांत भरवशाचा साक्षीदार. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या आणि आम्लाने त्या खोदवून घ्यायच्या, हे त्याचं तंत्र. १६३६ मध्ये अरुंडेलचा अर्ल या इंग्रज सरदाराने त्याला पदरी घेतलं आणि तो लंडनला आला. १६४० सालच्या त्याच्या मालिकेत २६ चित्रं आहेत, विषय एकच : इंग्रज स्त्रीचा पोशाख. पुढे त्याने युरोपातल्या गावोगावच्या बायका चितारल्या.

या चित्रांत नजर आधी डोक्याकडे जाते. कोलोन-अँटवर्पकडच्या बाईने डोक्यावरून घोळदार काळा झगा ओढलेला असतो, त्याला हॉइक म्हणत. कपाळाच्या वर चपटी चकती, तिच्यातून निघालेली काडी आणि काडीच्या टोकाला चक्क गोंडा! चित्राखालचं गावाचं नाव झाकलं तरी बाई कुठली ते कळावं.

हॉलरच्या ऋतुमालिकेतला हिवाळा तर सावकाश पाहावा. लंडनच्या कॉर्नहिलवर उभी असलेली ही बाई डोक्याला टोपरं, चेहऱ्यावर मुखवटा आणि हातांत केसाळ मफ (हात ऊबदार ठेवणारी नळी) अशा थाटात आहे. मुखवटा थंडीसाठी तसाच कांती जपण्यासाठी. गोरेपणाची हौस तिथेही होतीच. त्या मफवरचा केस न् केस सुईने काढलाय. रंगाचा टिपूससुद्धा नसताना लव कुठली आणि कापड कुठलं, हे डोळ्यांना बरोबर समजतं. मफ हा हॉलरचा लाडका विषय. नुसत्या मफांचीही त्याने चित्रं केली आहेत.

फ्रान्समध्ये खोदचित्रकार अब्राहम बॉसची तऱ्हा वेगळी. १६३३ मध्ये तेराव्या लुईने लेस आणि उंची भरतकामावर बंदी घातली, तेव्हा बॉसने हुकूम पाळून साधी कॉलर घातलेली सरदारीण काढली. तिच्या तोंडावर आज्ञाधारकपणापेक्षा नाराजीच जास्त, असं मला तरी वाटतं.

शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या सँ-जाक रस्त्यावरच्या, छापील चित्रं विकणाऱ्या बोनार बंधूंनी गावाऐवजी हंगाम विकायला घेतला. यंदा दरबारात काय चाललंय, ते छापायचं. चेहरे बहुधा ठोकळेबाज, त्यामुळे खाली कुणाही मानकरणीचं नाव घालता येई. कपडे मात्र बारकाईने टिपलेले. हौशी गिऱ्हाइकं तर कागदातला झगा कापून मागून खरं रेशीम चिकटवीत.

या चित्रांतली पट्टराणी म्हणजे फोंतांज नावाची उंच शिरोभूषा. शिकारीत केस विस्कटले, ते चौदाव्या लुईच्या लाडक्या फोंतांजबाईने फितीने बांधले आणि राजा भाळला, अशी दंतकथा. बाई १६८१ मध्येच वारल्या. तारेच्या सांगाड्यावर लेसच्या चुण्या आणि फिती रचून मनोरा उभा राहिला तो त्यांच्या पश्चात. राजाला पुढे ही उंची खटकू लागली, पण त्याचं कुणी ऐकेना. दरबारी सँ-सिमाँने आठवणींत लिहिलंय की, एका परदेशी डचेसने या मनोऱ्यांची टर उडवली आणि दरबारातल्या बायकांनी ते पटापट उतरवले.